शेंदराखालचा पत्रा

मी नोकरीवर रुजू झालो त्या दिवशी त्यांच्याआधी त्यांच्या हातोडीची ओळख झाली. ऑर्डरचा कागद हेडक्लार्कपुढे ठेवून मी उभा होतो, तेवढ्यात पाठीमागे ठेवलेल्या माझ्या पत्र्याच्या ट्रंकेवर कोणीतरी टक् टक् टक् असं वाजवलं. वळून पाहतो तर खाकी अर्धी चड्डी, डोक्याला उपरणं, नाकावर दोरीनं बांधलेला चष्मा अशा थाटातला एक पन्नाशीचा गृहस्थ माझ्या ट्रंकेला कान लावून बसलेला.

"मागचा कोपरा गेला," ते म्हणाले. "पांढरे कपडे त्या बाजूले ठेवले असतील तं वर काढा."

मी तोऱ्यात होतो. डिप्लोमा हातात होता, वय चोवीस होतं, आणि ज्युनियर इंजिनियर हा हुद्दा उच्चारायला भारी वाटत होता. मी नुसता हसलो. संध्याकाळी खोलीवर ट्रंक उघडली तर लग्नासमारंभासाठी जपलेल्या एकुलत्या एका टेरिकॉटच्या शर्टावर तांबडा डाग पडलेला होता, मागच्या कोपऱ्यातच.

सगळं वर्कशॉप त्यांना भाऊ म्हणायचं. मीही म्हणायला लागलो. कागदोपत्री मी त्यांचा साहेब होतो आणि तेही मला साहेब म्हणायचे, पण त्या 'साहेब'मध्ये किती आदर आणि किती गंमत आहे हे मला चार वर्षांत नीट कळलं नाही.

नागपुरात नावा दुरुस्त करणारं वर्कशॉप आहे म्हटलं की लोक हसायचे. माझ्या सासऱ्यांनी तर मुलगी देण्याआधी दोनदा विचारलं होतं, की नाव म्हणजे पाण्यात चालते तीच ना? तीच. पाटबंधारे खात्याची धरणं होत होती, तलाव भरत होते, त्यांच्यावर लोखंडी तराफे, नावा, डिझेलच्या लाँच लागत. त्यांची बांधणी आणि दुरुस्ती आमच्याकडे. भाऊंचं काम एकच. नाव पाण्याबाहेर आली की तिच्या पोटाखाली शिरायचं आणि रंग कुठे सुटला, रंगाखाली लोखंड कुठे खाल्लं गेलं, हे शोधून काढायचं. हत्यारं म्हणजे एका बाजूला टोक असलेली छोटी हातोडी, तारेचा ब्रश, खरवडायची पट्टी, खडू आणि दाढीचा आरसा. आरसा अडचणीच्या जागी घालून मागची बाजू पाहायला. त्याच आरशात ते सकाळी दाढी करायचे, त्यामुळे कानाजवळ कधी कधी शेंदरी रंगाचा ठिपका असायचा.

हे सगळं ते मुंबईच्या एका गोदीत शिकले होते. कुहीकडच्या खेड्यातला, धानाच्या बांधीत वाढलेला हा माणूस कोणा नातेवाइकाच्या ओळखीनं मुंबईला गेला आणि अठरा वर्षं जहाजांच्या पोटाखाली राहिला. जहाज गोदीत घ्यायचं, दारं लावून पाणी उपसायचं, की हे खाली. मी एकदा हौसेनं विचारलं, "भाऊ, मोठं जहाज पाण्यात कसं दिसतं हो?"

"मले काय माहीत?" ते म्हणाले. "मी तं पोटच पाह्यलं. तोंड दाखवाले त्याईनं मले कधी बोलावलंच नाई."

खरंच, ते कधी जहाजातून एक हातभरही गेले नव्हते. पोहताही येत नव्हतं. पाण्याची त्यांना मनापासून भीती वाटायची. त्यांची बायको, आमच्या वहिनी, सांगायच्या, "बंबईले होतो तवा एकडाव समुद्र दाखवाले नेलं मले. मी पानी पाहून राहिली, अन् हे कठड्याचा पाइप वाजवून राहिले. पोलीस आला न बावा!"

ती दोघं लकडगंजात एका आरागिरणीच्या मागे दोन खोल्यांत राहायची. आजूबाजूला सागाचे ओंडके, भुसा, करवतीचा आवाज, आणि मध्ये हा लोखंडाचा माणूस. गिरणीवाल्या शेठजींशी त्यांचा कायमचा वाद चालू असे. शेठजी म्हणायचे, लाकूड तीन पिढ्या टिकतं. भाऊ म्हणायचे, लोखंड पाच टिकते, पण त्याची चौकशी करत राहा लागते. मग दोघं मिळून वाळवी आणि गंज यांत जास्त नालायक कोण यावर बोलत बसायचे. निकाल कधी लागला नाही, चहा मात्र रोज होत असे.

उन्हाळा जवळ आला की गल्लीत भाऊंचा भाव वधारायचा. त्या वर्षांत घरोघरी कूलर आले होते. मार्च संपता संपता लोक माळ्यावरून कूलर काढायचे, आणि भाऊंना बोलावणं यायचं. ते पत्र्याच्या टाकीखाली हात घालून बोटांनी चाचपायचे, हातोडीनं हलकेच वाजवत जायचे, आणि जिथे आवाज बदलला तिथे खडूनं गोल काढायचे. मग खरवडून, सुकवून, डांबरी रंगाचे दोन हात. एका वकिलांनी घाई केली. गोल काढले होते त्यांवरूनच त्यांनी चकचकीत हिरवा रंग मारून घेतला. भाऊ काही बोलले नाहीत. मे महिन्यातल्या ऐन दुपारी वकीलसाहेबांची टाकी बैठकीत अशिलाच्या पायांवर रिकामी झाली, तेव्हा ते समाचाराला गेले आणि म्हणाले, "रंग मस्त होता."

वाजवण्याचा नाद घरातही सुटायचा नाही. वहिनींचे पाण्याचे पितळी गुंड, तवे, शेजाऱ्यांचं फाटक, सायकलचे मडगार्ड, काही म्हणून सुटायचं नाही. टरबूज मात्र वहिनींनाच निवडावं लागे, कारण टरबुजातलं त्यांना काही कळत नसे. दरवर्षी ऐटीत वाजवून ते कच्चं टरबूज आणायचे. त्यांना विचारलं की चांगला पत्रा आणि बिघडलेला पत्रा ओळखायचा कसा, तर सांगायचे, "चांगला पत्रा बोलते. बिघडला का मग गप बसते." आणि खरोखर, धड लोखंडावर हातोडी पडली की ठण्ण असा आवाज निघून हाताला उसळी मिळायची, आणि आतून पापुद्रे सुटलेल्या जागी नुसतं थद्द व्हायचं. हे मला सहा महिन्यांनी ऐकू यायला लागलं. त्याआधी मी ऐकू आल्यासारखी मान हलवायचो.

माझी पहिली फजिती मात्र कानाची नव्हती, हाताची होती. एक छोटी नाव आम्ही रंगवून पाठवली होती. दोन-अडीच महिन्यांत ती इंजिनाच्या कामासाठी परत आली, तर पाण्याच्या रेघेखाली रंगाला फोड आलेले. सुटे सुटे नव्हते. एक मोठा फोड आणि त्याच्या वर पाच लांबट ओळी. भाऊ बराच वेळ तिथे उकिडवे बसले. मग त्यांनी एक फोड सुईनं टोचला, आतलं पाणी बोटाच्या टोकावर घेतलं आणि जिभेला लावलं.

"खारं हाय," ते म्हणाले. "कोणतरी साफ केलेल्या पत्र्यावर घामेजला हात टेकवला. त्याच्यावरून रंग मारला. आता मीठ आत बसून पान्याले हाका मारून राह्यलं."

त्यांनी फोडांच्या कडेनं खडूनं पंजा काढला आणि सगळ्या रंगाऱ्यांना रांगेत उभं करून एकेकाचा हात त्यावर ठेवायला लावला. कोणाचा बसेना. मी बाजूला उभा राहून शिस्तीबद्दल चार शब्द बोलायच्या तयारीत होतो. भाऊ माझ्याकडे वळून अगदी नम्रपणे म्हणाले, "साहेब, तुमी बी ठेवून पाहा न जरा."

तंतोतंत बसला. लहानपणी मोडून वाकडी जुळलेली माझी करंगळीसुद्धा बसली. मग मला आठवलं. त्या दिवशी मी टपरीवर तर्री-पोहे खाऊन, हात पँटला पुसून, साहेबासारखा त्या पत्र्याला टेकून उभा राहिलो होतो. रंगारी हसू दाबत होते. भाऊंनी मला एक शब्द ऐकवला नाही. फक्त दुसऱ्या दिवशी वर्कशॉपच्या भिंतीवर तेलरंगात एक पंजा काढलेला होता, वाकड्या करंगळीसकट, आणि खाली लिहिलं होतं, 'साफ पत्र्याला हात लावू नये.' नवीन येणारा प्रत्येक माणूस विचारायचा की हा कोणाचा हात, आणि प्रत्येकाला आनंदानं सांगण्यात यायचं.

त्यांचे रिपोर्ट हा एक वेगळाच प्रकार होता. खात्याच्या फॉर्मवर 'ठीक' आणि 'खराब' असे दोनच रकाने. भाऊंचं त्यात भागायचं नाही. ते लिहायचे, 'डावीकडचा चौथा पत्रा, बरा. पाचवा, नाराज. सहावा बोलत नाही. सातव्याची तब्येत सहाव्यामुळे बिघडेल.' मोठे साहेब हे वाचून डोकं धरायचे. एकदा त्यांनी विचारलं, "नाराज म्हणजे मी वर काय कळवू?" भाऊ म्हणाले, "नाराजच कळवा. वरच्याईले तो शब्द समजते."

पण सहीच्या बाबतीत त्यांची थट्टा संपायची. नावेच्या पोटावर ते वीतभराचे चौकोन आखायचे, आणि प्रत्येक चौकोनावर एकदा तरी हातोडी पडल्याशिवाय 'नाव पाण्यात घालण्यास योग्य' या ओळीखाली सही करायचे नाहीत. साहेबांचा फोन येवो की जीप येवो. "लोक लाकडावर, लोखंडावर बसत नाईत साहेब," ते मला म्हणायचे, "ह्या सहीवर बसते." त्यांच्या सहीखाली ज्युनियर इंजिनियरची सही लागायची. मी ती न वाचता करायचो, कारण वर त्यांची असायची.

आता त्या लाँचची गोष्ट सांगतो. मला खरं तर तीच सांगायची आहे, बाकीचं मी थोडं लांबवलं.

पारशिवनीच्या पुढे एका तलावावर आमची एक लाँच चालायची. अलीकडे खात्याची वसाहत, पलीकडे तीन गावं. पाणी भरल्यापासून त्या गावांना रस्ता असा उरलाच नव्हता. बाजार, दवाखाना, शाळा, सगळं या लाँचनं. शनिवारी बाजाराच्या दिवशी तीत चाळीस माणसं, शिवाय बकऱ्या, कोंबड्या, पोती. लाँच चालवणारा एक साठीचा ढिवर, मासेमारी करणाऱ्या जातीतला, होता. त्याला सगळे मामा म्हणायचे. जन्मभर लाकडी डोंगा वल्हवलेला माणूस, पण त्या लोखंडी लाँचवर त्याचा फार जीव होता.

दरवर्षी मे महिन्यात पाणी उतरलं की लाँच ओढून काठावर लाकडी स्लीपरांवर घ्यायची, आम्ही आठ दिवस तिथे मुक्कामाला जायचं, तपासणी, रंग, सही, आणि परत पाण्यात. पाण्यात घालायच्या दिवशी मामा पूजा करायचे. लाँचच्या नाकाडावर, उभ्या माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर एक जागा होती. तिला ते मातामाय म्हणायचे. लाँच काठाला टेकली की ती हाताशी यायची, आणि माणसांनी भरली की पाण्याच्या रेघेला. तिथे हळद, कुंकू, तेलात कालवलेला शेंदूर, आणि नारळ. लाँचनं जाणारा-येणारा प्रत्येक जण आपापला नारळ आणायचा आणि तिथल्याच लोखंडावर फोडायचा. वर्षानुवर्षांच्या शेंदरानं त्या जागी हाताच्या पंजाएवढं, बोटभर जाड पूट चढलं होतं.

मी सांगतोय त्याच्या आदल्या वर्षी भाऊ चौकोन आखत, वाजवत वाजवत त्या जागेपर्यंत आले होते. हातोडी उचलली आणि तशीच धरून राहिले. समोर मामा हात जोडून उभे. ऊन डोक्यावर होतं, मला तहान लागली होती आणि जीप नागपूरला निघायची होती. मी म्हणालो, "राहू द्या हो भाऊ, देवाची जागा आहे. एवढ्यानं काय होतंय?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मग मातामायकडे पाहिलं. हातोडी खाली घेतली, नमस्कार केला आणि पुढच्या चौकोनाकडे सरकले. संध्याकाळी त्यांनी सही केली. खाली मी केली.

पुढच्या मे महिन्यात आम्ही पुन्हा गेलो. लाँच काठावर आली होती. शनिवारपर्यंत ती पाण्यात हवी असं मोठ्या साहेबांनी बजावलं होतं, कारण पावसाआधीचा तो शेवटचा मोठा बाजार. पलीकडची तिन्ही गावं बियाणं आणि किराणा न्यायला येणार होती. भाऊंची चार्जमनची बढती त्याच वेळी साहेबांच्या टेबलावर होती. पंधरा वर्षं रखडलेली. वहिनींनी निघताना मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "भाऊजी, यंदा त्याईले साहेबासंग भांडू देऊ नका."

पोचल्या पोचल्या भाऊंनी मामांकडे नेहमीची चौकशी केली. मामा खुशीत होते. म्हणाले, "यंदा मातामायले घाम येऊन राह्यला भाऊ. पुढच्या खणात पानी जमते. माय जागी हाय."

"किती जमते?"

"दिवाळीले डालड्याचा एक डब्बा निंगे. वर ओढाच्या आधी रोजचे नऊ काढत होतो."

हे त्यांनी अभिमानानं सांगितलं. भाऊंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. पुढचा खण म्हणजे लाँचच्या पोटातला, बरोबर त्या शेंदराच्या मागचा कप्पा. ते उठून मातामायपुढे जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "मामा, इथं वाजवून पाहा लागते."

"तिच्या तोंडावर हातोडी?" मामांचा आवाज चढला. "माह्या जीवात जीव हाय तोपर्यंत नाई!"

मजूर जमले. कोणी म्हणालं, मागच्या साली देवीला हात लावला नाही म्हणून लाँच सुखरूप राहिली. मी पुढे झालो. मी साहेब होतो. म्हटलं, लेखी ऑर्डर काढतो, कोण अडवतं पाहू. भाऊंनी माझा दंड धरून मला आंब्याखाली नेलं. "ऑर्डरीनं शेंदूर निंगत नाई साहेब," ते म्हणाले. "अन् निंगला तं हे लोक लाँचीत बसनार नाईत. मंग जातीन कशानं, पोहत?"

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी इतर काम उरकलं आणि उरलेला सगळा वेळ मामांशेजारी बसून काढला. लाँचबद्दल एक शब्द नाही. धानाच्या, मासोळीच्या, वैनगंगेच्या गोष्टी. मी इकडे दिवस मोजत होतो, कारण शनिवार जवळ येत होता. बुधवारी संध्याकाळी भाऊंनी त्यांच्या गावच्या मारुतीची गोष्ट काढली.

"मी लहान होतो गा मामा. मारोतीवर शेंदूर चढून चढून त्याचा पार गोळा झालता. नाक नाई, डोळा नाई. एका साली त्याची खोळ सुटाले लागली. गावानं भजन लावलं, खोळ उतरवली, बैलबंडीत घालून नदीले नेली. अन् खाली पाहातो तं काय! येवढासा मारोती, पन डोळे कसे, पाहातच राहावं. कोनंच पाह्यला नव्हता तो. पुजारी म्हने, देवाचा बोझा उतरला."

मामा विडी ओढत होते.

"मायच्या अंगावर किती सालाचा बोझा हाय गा, मामा?" भाऊंनी विचारलं. उत्तराची वाट न पाहता ते उठले आणि झोपायला गेले.

गुरुवारी सकाळी मामा अंघोळ करून, नवं धोतर नेसून आले. "काढा," म्हणाले. "पन तुमीच काढा. उपाशी काढा. अन् हातोडी नाई."

भाऊंनी तलावावर अंघोळ केली, काठाला बसून, तांब्यानं, आत न उतरता. ओलेत्यानंच आले. तेल कोमट करून त्यांनी शेंदराच्या कडेनं बोटानं जिरवलं आणि खरवडायची पट्टी धुऊन तिनं कड सैल करत राहिले. बायका गाणं म्हणत होत्या. तास-दीड तास गेला. मग ते सबंध कवच एका तुकड्यात त्यांच्या ओंजळीत आलं. त्यात अक्षता होत्या, नारळाच्या शेंड्या होत्या. ते उलटं झालं तेव्हा मी पाहिलं, की त्याच्या पाठीला आमच्या लाँचचा पत्रा चिकटून आला होता, काळ्या-तांबड्या पापुद्र्यांचा थर.

मामांनी कवच पाटावर घेतलं. भाऊंनी हातोडी काढली आणि ती मामांच्या हातात दिली.

"मामा, आता तुमी पाहा. माह्यावर इश्वास नका ठेवू."

मामांनी झोपलेल्या लेकराला उठवावं इतकं हलकेच टोक टेकवलं. आवाज झालाच नाही. हातोडी आत गेली. त्यांनी ती काढली तर पुढच्या खणाच्या उघड्या झाकणातून आलेला उजेड त्या भोकातून आमच्याकडे आला. कडेचा पत्रा भाकरीसारखा मोडत होता. मामांनी बोट घातलं, मग दोन घातली, मग सगळा पंजा गेला.

"माही सून होती हिच्यात गेल्या शनिवारी," ते म्हणाले. "पोटुशी हाय." आणि तिथेच खाली बसले.

मग मामाच म्हणाले, "मायनंच धरून ठेवलं होतं."

"हो," भाऊ म्हणाले. "तिनंच धरलं."

आणि इंजिनियर म्हणून सांगतो, ते खरंच होतं. भोक बुजवून बसला होता तो शेंदूरच. आणखी एखादा धक्का, आणखी एक भरलेला शनिवार, आणि तोही सुटला असता. आणि पलीकडच्या गावांतल्या निम्म्या बायकांना पोहता येत नव्हतं.

शनिवार हुकला. साहेब फोनवर इतके ओरडले की मी रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरला. पत्रा कापून नवा बसवायला सहा दिवस गेले. तोवर मामांनी आपला जुना लाकडी डोंगा काढून चार-चार माणसं पलीकडे नेली. कवच तलावात सोडायचं होतं आणि ज्यानं उतरवलं त्यानंच सोडायला हवं असं मामांचं म्हणणं पडलं. त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा भाऊ पाण्यावर गेले. डोंग्याच्या दोन्ही कडा घट्ट धरून, डोळे मिटून, काही तरी पुटपुटत. काठावरून आम्ही पोट धरून हसलो. परत आल्यावर मी विचारलं, काय म्हणत होता? "काई नाई," म्हणाले, "लाकूड बी बरं असते."

नव्या पत्र्यावर रंगाचे चार हात झाले. मामांनी स्वतः होऊन सांगितलं, नारळ आता काठावरच्या दगडावर फुटेल, मायला फक्त हळदीकुंकू. मग भाऊ साइट ऑफिसच्या ओट्यावर रिपोर्ट लिहायला बसले. लिहून झाल्यावर कागद माझ्यापुढे केला. सहीची जागा दाखवायला बोट त्यांनी खालच्या कोपऱ्यावर ठेवलं होतं, पण त्या दिवशी मी पहिल्यांदाच वरपासून वाचला.

त्यात नाराज वगैरे काही नव्हतं. 'नारळ फोडल्याने रंगास तडे गेले. ओल्या पत्र्यावर शेंदूर बसल्याने पाणी आत राहिले व पत्रा खाल्ला गेला.' त्याखाली लिहिलं होतं, 'मागील वर्षीच्या तपासणीत ही जागा मी ठोकली नाही. न ठोकता लाँच योग्य असल्याची सही दिली. ही चूक माझी आहे.'

मी म्हणालो, "भाऊ, ही ओळ काढा."

"काहून?"

"तुमची बढती टेबलावर आहे. साहेब आधीच चिडलेत. पत्रा बदलला, कोणाला काही झालं नाही, आता हे लिहून कोणाचं भलं होणार?"

"कोणाचं नाई," ते म्हणाले. "पन झालं ते असं झालं न."

"अहो, पण तुम्ही तर हातोडी उचलली होती. राहू द्या असं मीच म्हणालो होतो तेव्हा."

भाऊंनी चष्मा काढून उपरण्यानं पुसला. रागावले नव्हते. मला समजावून सांगत होते. "म्हटलं तुमी. पन हातोडी माह्या हातात होती."

त्यांची बढती त्या वर्षी झाली नाही आणि नंतरही झाली नाही. ते त्याच जागेवरून निवृत्त झाले. माझी वेळच्या वेळी होत गेली आणि मी चांगल्या हुद्द्यावर पोचलो. वहिनींनी त्याबद्दल मला कधी काही म्हटलं नाही. मी मात्र लकडगंजात जाणं हळूहळू कमी केलं. कामं वाढली असं मी सांगायचो. खरं म्हणजे मला त्यांच्यासमोर बसायची लाज वाटायची, आणि अजून वाटते.

त्या दिवशी ओट्यावर मी पेन काढलं. त्यांच्या ओळीच्या आणि माझ्या सहीच्या जागेच्या मध्ये त्यांनी एका ओळीपुरती जागा मोकळी सोडली होती. भाऊ कागदावर कधी रिकामी जागा सोडत नसत. मी ती पाहिली, त्यांनी मला पाहताना पाहिलं, आणि ती तशीच कोरी ठेवून मी तिच्या खाली सही केली.